नऊ महिने, पाच जाडजूड पुस्तकं आणि आगरवाड्याचं मीठ

गेल्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आठ दिवस आधी, मी पाच पुस्तकं एकदम मागवली. सगळी ‘हजारो वर्षांचा इतिहास एका पुस्तकात’ या जातीची. एक मिठाचं, एक अमेरिकेतून जगभर गेलेल्या पिकांचं, एक रोगराईचं, एक कागद आणि छपाईचं आणि पाचवं अख्ख्या मानवजातीचं. तीन इंग्रजी, दोन मराठी अनुवाद. पानं मिळून अडीच हजाराच्या आसपास. आता मार्च आहे. चार वाचून झाली, पाचवं पाऊणभर.

वाचन मुख्यतः बसमध्ये. मी उत्तर गोव्यातल्या पेडण्याचा, नोकरी पणजीत. जाता-येता वीस-पंचवीस पानं सहज होतात, खिडकीची जागा मिळाली तर तीस. या पुस्तकांचं एक बरं असतं, की प्रकरणं स्वतंत्र असतात. म्हापशाला गर्दी चढली आणि पुस्तक मिटावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी धागा सापडतो. कादंबरीचं तसं होत नाही.

आधी वस्तू म्हणून कशी आहेत ते सांगतो, कारण कोकण-गोव्यात पुस्तक घेणाऱ्याला याचा विचार करावाच लागतो. जाड पेपरबॅक आमच्या हवेत टिकत नाही. जुलैत दोन पुस्तकांच्या कडांवर हिरवट बुरशी आली, एकाचा कणा सुटला. कपाटात पिवळा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवला, मध्ये कडुलिंबाचा पाला, तेव्हा कुठे ऑगस्ट निघाला. छपाईच्या इतिहासाच्या पुस्तकात तर गंमतच झाली. एक अख्खा फर्मा (एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं) दोनदा बांधलेला आणि पुढचा गायब! पान 192 नंतर परत 177. विक्रेत्यानं बदलून दिलं, पण तीन आठवडे आणि सात फोन लागले.

आता मजकूर. मानवजातीचं पुस्तक सगळ्यात जास्त नावाजलेलं, आणि माझी सगळ्यात जास्त निराशा त्यानंच केली. पहिली शंभर पानं भन्नाट वाटतात. मग लक्षात येतं, की लेखक इतक्या उंचावरून बघतोय की त्याला डोंगर दिसतात, माणसं दिसत नाहीत. त्यात गोवा दीड ओळीत येतो: 1510 ला पोर्तुगीज आले, 1961 ला गेले. म्हणजे 451 वर्षं. हा आकडा शाळेपासून ऐकत आलोय. पण आमचं पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं, त्याआधी सावंतवाडीकरांचं. आमचे 173. 1510 लाच त्यांच्याकडे गेलेल्या, पणजीकडच्या तिसवाडीतला माणूस आणि पेडण्यातला माणूस यांच्या पोर्तुगीज राजवटीत पावणेतीनशे वर्षांचा फरक आहे, आणि तो देवळांत, आडनावांत, जेवणात अजून दिसतो. इथे दीड ओळीत हे सटकतं, तर चीन आणि आफ्रिकेच्या प्रकरणांत काय काय सटकलं असेल, हा विचार नंतर पिच्छा सोडत नाही. अनुवादही कडक इस्त्रीचा. दर दोन पानांनी ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे ठरते’. घेतलं हो लक्षात.

याउलट एकच वस्तू धरून चाललेली पुस्तकं. पिकांचं पुस्तक वाचताना मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडत होतो. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू, मका, सगळे पाहुणे. काजू ब्राझीलचा, त्याचं नावसुद्धा तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीज तोंडातून आलेलं. आमच्या डोंगरावर इतका माजलाय की आदिवासी आपण आणि उपरा तो, हे पटतच नाही. मिरचीला जुन्या मुंबईत ‘गोवाई मिरची’ म्हणायचे. त्याआधी आपल्या आमट्या मिरीवर तिखट होत होत्या. बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मग सोळाव्या शतकातली पाककृती कर एक दिवस, मिरची न घालता.” केली. मिरी घालून हुमण, म्हणजे आमची माशांची आमटी. मुलानं लोणच्याची बरणी ओढून घेतली.

रोगराईचं पुस्तक ठीक. युरोपातला प्लेग सत्तर पानं, हिंदुस्थानातला कॉलरा सहा. गोव्यातच छापलेल्या 1563 च्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्यानं कॉलऱ्याच्या रुग्णाचं वर्णन केलंय, त्याचा उल्लेखही नाही. याच माणसाची हाडं मेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, उकरून जाळली. एवढं नाट्य हाताशी असताना लेखक फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांतच फिरत बसतो. छपाईच्या पुस्तकात मात्र आम्ही आहोत. 1556 मध्ये भारतातलं पहिलं छापयंत्र गोव्यात उतरलं, ते खरं तर अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालं होतं. वाटेत राहिलं ते राहिलंच.

मिठावर मात्र जरा थांबतो, कारण नऊ महिन्यांतला खरा अनुभव तोच.

आमच्याकडे आगरवाडा म्हणून गाव आहे, नावातच आगर, म्हणजे मिठागर. तिथल्या मिठागरात एक ओळखीचे काका काम करतात, वय सत्तरच्या पुढे. डिसेंबरात मी पुस्तक घेऊनच गेलो. पावसाचं पाणी काढून टाकलं होतं आणि कोंड्यांचा, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवणं चाललं होतं. चिखल असा दाबायचा की फरशी व्हावी. तळ सैल राहिला तर मिठात माती येते, मीठ काळं पडतं. भरतीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खारं पाणी आत घ्यायचं, मग एका कोंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, प्रत्येक टप्प्यावर ऊन त्यातलं पाणी खात जातं. काकांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, अजून आठ दिवस. पुस्तकात चीनपासून व्हेनिसपर्यंत मीठ करण्याच्या पद्धती आहेत, पण ते बोट नाही.

त्यांनी विचारलं, “ह्या पुस्तकांत आमचें मीठ आसा?”

सूची काढली. गांधीजींची 1930 ची दांडी यात्रा, पंधरा पानं. गोवा नाही. वाईट वाटलं, म्हणून पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दोन शनिवार बसलो. 1832 पासूनचं ग्रंथालय आहे, असल्या कामाला तेच बरं. तिथे सापडलं, की 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांनी ताबा मिळवला. इंग्रजांच्या मुलखातल्या मीठकराला गोव्याचं स्वस्त मीठ आडवं येत होतं ना! बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये, शिवाय मुरगावच्या बंदराला आणि रेल्वेला वाट. 1892 मध्ये करार संपला, तोवर कितीतरी मिठागरं बंद पडली होती. म्हणजे दांडीच्या पन्नास वर्षं आधी तोच मीठकर आमच्या आगरात येऊन गेला होता.

मिठाच्याच पुस्तकात रोमन सैनिकांना मिठात पगार मिळायचा असं ठामपणे लिहिलंय. ‘सॅलरी’ शब्द मिठाशी जोडलेला आहे हे खरं, पण सैनिकाच्या हातात मीठ ठेवत होते याला धड पुरावा नाही. एकानं लिहिलं, पुढच्यांनी उतरवलं. आपला ‘पगार’ शब्द तर सरळ पोर्तुगीज, चावी आणि साबणाच्या शेजारचा. असं काही सापडलं की मग मी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकतो. मिठाच्या पुस्तकात अकरा आहेत, मानवजातीच्या पुस्तकात मोजणं सोडून दिलं.

या सगळ्यात आठवण येत राहिली ती दामोदर कोसंबींची. जन्म 1907, आपल्याच गोव्यातल्या कोसबेनचा. गणिती माणूस, डेक्कन क्वीननं पुणे-मुंबई रोज ये-जा करणारा. जुनी नाणी तराजूत तोलून त्यांच्या झिजेवरून काळ काढायचा आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी धुंडाळायचा. 1956 मध्ये आलेला त्यांचा भारताचा इतिहासही हजारो वर्षांचाच आहे, पण तो पायाखालच्या दगडापासून सुरू होतो. वाचायला कठीण, विनोद कमी, राग भरपूर. तरी या पाचांपैकी तिघांऐवजी तेच एक दुसऱ्यांदा वाचेन.

विचारणाऱ्यांना माझं सांगणं: मीठ आणि पिकं ही दोन घ्या, छपाईचं ग्रंथालयातून आणा (घेतलंच तर आधी फर्मे मोजा), रोगराईचं सवलतीत मिळालं तर. मानवजातीचं माझं विकायला आहे, बुरशी पुसलेली.

मिठाचं मात्र सध्या माझ्याकडे नाही. फेब्रुवारीत पहिलं मीठ ओढलं तेव्हा परत गेलो आणि 1878 ची हकीकत काकांना सांगितली. त्यांनी ती सूचीच्या पानावर लिहायला लावली आणि पुस्तक नातवासाठी ठेवून घेतलं. मी खिशातून पेन्सिल काढली तर हातानंच थांबवलं.

“पेनान बरय. पेन्सिल पुसता.”