म्हातारपणासाठी ज्ञानेश्वरी: मोठ्या टायपाची सार्थ प्रत घ्यावी का?

घ्यावी, पण आत उघडून पाहिल्याशिवाय नाही. वाढत्या वयाची धास्ती शमावी म्हणून ज्ञानेश्वरी हाती घ्यायची, तर ओवी वर आणि अर्थ लगेच खाली अशीच मांडणी हवी. अर्थ अध्यायाच्या शेवटी ढकललेला असला की एक बोट इकडे, एक तिकडे, आणि चार ओव्यांत वाचन सुटतं.

प्रत पारखायला तेरावा अध्याय काढावा. ‘जन्ममृत्युजराव्याधि’ हा श्लोक काही प्रतींत 8 वा, काहींत 9 वा सापडेल. सुरुवातीचा अर्जुनाचा प्रश्न कुणी मोजतात, कुणी नाही. त्यावरच्या ओव्यांत ज्ञानदेव जरेला, म्हणजे म्हातारपणाला, जराही मऊ करत नाहीत. कमळाच्या पाकळ्यांशी ईर्ष्येने भांडणारे डोळे पिकल्या पडवळासारखे होतील, असं सरळ सांगतात. अर्थकाराने तिथे ‘दृष्टी मंदावते’ एवढंच लिहिलं असेल, तर ती प्रत परत ठेवावी. पडवळ गेलं की धक्का गेला, आणि इथे तो धक्काच औषध आहे.

मात्र तेवढ्याच ओव्या वाचून थांबलं की मन खिन्न होतं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. म्हणून आधी दुसऱ्या अध्यायातला 13 वा श्लोक, बालपण-तारुण्य-वार्धक्याचा. मग तेराव्याची सुरुवात, जिथे शरीर हे शेत आणि त्याला जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा. जरेच्या ओव्या त्यानंतर. तेराव्यात 1170 ओव्या आहेत, रोज दहा म्हणजे 117 दिवस. ओवी मोठ्याने म्हणावी, अर्थ पाहावा, मग अर्थावर हात ठेवून तीच ओवी पुन्हा म्हणावी आणि क्षणभर थांबावं: पिकलेलं पडवळ ज्याला दिसतंय, तो कुठे पिकलाय? उत्तराची घाई नको. दहाच्या वीस ओव्या केल्या की हे थांबणंच आधी गळतं.

सहाव्यातलं कुंडलिनी जागवण्याच्या योगाचं वर्णन मनसोक्त वाचावं, पण त्यावरून श्वास कोंडण्याचे प्रयोग करू नयेत.

बांधणी शिवलेलीच घ्यावी. नुसती चिकटवलेली प्रत सपाट उघडत नाही आणि मधली पानं सुटतात. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते. मोठा टाइप म्हणजे जड ग्रंथ, तेव्हा ग्रंथ ठेवायचं घडीचं लाकडी व्यासपीठ सोबत हवंच, नाहीतर मनगटं दुखतात. ध्वनिमुद्रण पूरक म्हणून चांगलं, पण ते ओवीपाशी आपणहून थांबत नाही.