मिलिटरीची काळी पेटी कुठं घ्यायची – साताऱ्यातला आमचा अनुभव

पोराचं बेळगावचं ट्रेनिंग संपलं, कसम परेड झाली, सुट्टीवर घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला मम्मी आता युनिटला जायचंय, पेटी घ्यायला लागंल. आमच्याकडं पेटी म्हणजे काळी लोखंडी ट्रंक, फौजी घरात वेगळं सांगायला लागत नाही. बऱ्याच जणी मला विचारतात कुठनं घेतली, केवढ्याला, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

दुकान मोती चौकाच्या पुढं आतल्या गल्लीत आहे. मोठा बोर्ड नाही, बाहेर कोठ्या आणि ट्रंका एकावर एक रचलेल्या दिसतात आणि पत्रा ठोकायचा आवाज येतो, त्या आवाजावर गेलं की सापडतं. आमच्या ह्यांची पेटी १९९५ ला इथूनच घेतलेली, आताच्या मालकांच्या वडिलांनी बनवलेली. ती पेटी अजून घरात आहे, बुडाला थोडा गंज आलाय आणि एक कडी तुटलीय, बाकी काहीच झालेलं नाही. ३० वर्षं झाली. पुण्याहून झेलमनं जम्मू, तिथनं कॉनवॉयच्या गाडीत वर, परत खाली, नंतर राजस्थान, मधी दोन वर्षं फॅमिली क्वार्टर मिळाला तेव्हा मी त्याच पेटीवर गॅस ठेवून स्वयंपाक केलाय.

म्हणून मी हट्टानं तिथंच गेले. आधी दिरांच्या पोराला दुसऱ्या एका दुकानातनं स्वस्तातली घेतलेली, दिसायला चकचकीत, पण पत्रा पातळ, पहिल्याच प्रवासात झाकण वाकलं आणि बिजागरी निसटली, पोरानं दोरीनं बांधून न्हेली. पत्रा बघायचा असंल तर गेज विचारा, आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड. आम्ही २२ गेजची घेतली, ३० इंची, २,४०० रुपये. २४ गेजची ५०० रुपयानं स्वस्त होती पण झाकणावर हात दाबून बघितला तर दबत होतं. फौजेत पेटी कपडे ठेवायला असती तशी बसायलाही असती, तिच्यावरच जेवायचं, तिच्यावरच पत्र लिहायचं. पातळ घेऊ नका.

काम चांगलं आहे. कोपऱ्यांना वेगळी पट्टी मारून रिबीट ठोकलेत, कडी-कोयंडा जाड आहे. आत पांढरा रंग दिलाय त्यामुळं बारीक वस्तू दिसतात, ह्यांच्या पेटीत आत काळोख असायचा, सुई-दोरा शोधायला बॅटरी लागायची. तक्रारी पण सांगते. मंगळवारी देतो म्हणाले आणि गुरुवारी संध्याकाळी दिली, पोराची गाडी शुक्रवारी, माझा जीव टांगणीला. झाकणाची आतली कड धारदार राहिलेली, माझं बोट कापलं, मग त्यांनी तिथल्या तिथं कानस मारून दिली, पण हे आधी बघायला पायजे होतं. आणि रंगाचा वास. आदल्या दिवशी मिळाल्यामुळं ऊन दाखवता आलं नाही, कपड्यांना वास लागला. तुम्ही निदान आठवडाभर आधी घ्या, दोन दिवस उघडी करून उन्हात ठेवा, आत वर्तमानपत्र अंथरा. घरपोच देत नाहीत, रिक्षानं आणायला लागती.

आता नावाचं. पेटीवर पांढऱ्या ऑईल पेंटनं नंबर, रँक, नाव टाकून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. ह्यांच्या पेटीवर रँक दोनदा बदललेली आहे, सिपाही, मग लान्स नायक, मग नायक, प्रत्येक वेळी जुन्यावर काळा रंग मारून नवीन लिहिलेलं, तिरक्या उजेडात धरलं तर खालची अक्षरं अजून दिसतात. खाली लिहिलंय द्वारा ५६ एपीओ. फौजेच्या टपालाच्या ह्या पत्त्यावर मी किती पत्रं टाकली असतील. मे २००१ मधी आमचं लग्न झालं, डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम लागलं, सगळी फौज बॉर्डरवर, सुट्ट्या बंद. ते राजस्थानात, मी सासरी नवीन, आणि ते कुठल्या गावाजवळ आहेत हे पत्रातसुद्धा लिहायची परवानगी नव्हती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात फौज मागं घ्यायला लागले, मग दिवाळीनंतर हे आले, ती पेटी अंगणात उतरली आणि उघडली तर आतनं वाळू निघाली. सासूबाईंनी ती वाळू लोटून न टाकता तुळशीत टाकली.

माझं माहेर अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावचे ४६ जण कामी आले, इंग्रजांनी त्यांच्या नावानं दगड बसवलेला आहे, तो बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळं पोरगं भरती झालं ह्याचं मला नवल नाही आणि अभिमान आहे तो आहेच. पण दुकानात रंगवणाऱ्यानं ब्रश हातात घेऊन विचारलं रँक काय टाकू, पोरगं म्हणालं अग्निवीर, तेव्हा मला आत कसंतरी झालं. ४ वर्षं. वर्षाला ३० दिवस सुट्टी. पुढं १०० तले २५ पर्यंत ठेवणार, बाकीचे सेवा निधीचे ११-१२ लाख घेऊन घरी, पेन्शन नाही. मालकांनी ते ऐकलं असणार, कारण रंगवणाऱ्याला म्हणाले रँकच्या पुढं चार बोटं जागा सोड, पोराला मागनं बदलायला लागंल. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, हल्ली पोरं येऊन म्हणत्यात चारच वर्षं लागणारे, हलकी द्या. मागितली तर देतो, पण फौजीला मी माझ्या हातानं पातळ पत्रा काढून दाखवत नाही." ह्या एका बोलण्यासाठी मी ह्या दुकानाला पाचपैकी पाच देते, गुरुवारी दिली तरी.

आणि पोरं घरी आल्यावर काय होतं ते आम्ही बघितलंय. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला म्हणून ह्यांनी २०१२ ला १७ वर्षांवर स्वतःहून नाव कापून घेतलं, म्हणजे फौज सोडली. १५ वर्षं भरलेली म्हणून पेन्शन तरी बसली. वय ३६. माजी सैनिकांना राज्य सरकारच्या गट क आणि गट ड भरतीत १५ टक्के जागा असतात म्हणून दोन वर्षं त्याच पेटीवर पुस्तकं मांडून अभ्यास केला, गणितात अडकायचे, पोरगं तेव्हा तिसरीत, ते शेजारी बसून पाढे म्हणायचं. नाही झालं. मग पुण्याला एका एजन्सीतर्फे बँकेबाहेर डबल बोअर बंदूक घेऊन १२-१२ तास उभं राहिले, दोन महिन्याचा पगार बुडवला त्यांनी, हे कुणाला बोलले नाहीत, मला पण सहा महिन्यानं कळलं. ज्या माणसाखाली बंकरात दहा पोरं होती त्याला तिथं कुणीही "ए वॉचमन" म्हणायचं. ह्यावर ते अजून बोलत नाहीत. आता गावात दुधाचं बघतात, चांगलं चाललंय.

ती पेटी आता आमची कागदांची. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, कॅन्टीनचं कार्ड, दवाखान्यासाठीचं ईसीएचएसचं कार्ड सगळं त्यात. पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या ऑनलाईन पेन्शनवर गेली तेव्हा माझी जन्मतारीख आधारशी जुळेना, उद्या ह्यांचं काही झालं तर फॅमिली पेन्शन अडकली असती, पाच खेपा झाल्या, शेवटी जुनी मूळ कागदं पेटीच्या तळाशी सापडली म्हणून दुरुस्ती झाली. बायांनो, नवऱ्याच्या रेकॉर्डला तुमचं नाव आणि तारीख काय लागलीय ते आजच बघा, आणि आपल्या नावाचं स्पेलिंग सुद्धा.

शुक्रवारी पोराची पेटी भरली. खाली गरम कपडे, मधी युनिफॉर्म, वर कंदी पेढे आणि शेंगदाण्याची चटणी. भरल्यावर दोघांना उचलायला लागली, हॅण्डल कापत नाही, जाड सळीचं सांगून बसवून घेतलेलं, तुम्ही पण सांगा. स्टेशनवर हे एका बाजूनं आणि पोरगं एका बाजूनं धरून चालत होते, ह्यांनी सवयीनं डब्यात चढल्या चढल्या पेटी सीटखाली सरकवली आणि साखळी लावून कुलूप ओढून बघितलं.

दुकान सोमवारी बंद असतं, दुपारी जेवायला दोन तास शटर अर्धं असतं पण हाक मारली की येतात. ह्यांच्या पेटीचं बूड बदलून द्यायला टाकलंय, ३५० रुपये सांगितलेत, वरच्या नावाला हात लावू नका असं सांगून आलेय. शनिवारी मिळणारे, आणली की फोटो टाकते.