बंगला की रो-हाऊस? धुळ्याच्या उन्हात घर घेणाऱ्यांसाठी

प्लॉट, एनए (बिगरशेती परवानगी), बँकेचं कर्ज, रेराचा नंबर हे सगळं तुम्ही पाहिलंच असेल, त्यावर मी बोलत नाही. बजेट साधारण तेवढंच आहे आणि देवपूरकडे किंवा साक्री रोडला एक तर छोटा स्वतंत्र बंगला नाहीतर रो-हाऊस, म्हणजे ओळीतलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर, असे दोनच पर्याय उरलेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्हींत राहिलोय. आधी भाड्याच्या बंगल्यात, आता स्वतःच्या रो-हाऊसमध्ये. त्यामुळे माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, तेवढं धरूनच वाचा.

बंगल्याचं सुख खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. चारही बाजूंनी मोकळं, कुणाच्या भिंतीला भिंत नाही. उन्हाळ्यात बिबडे-कुरडया घालायला अंगण आणि कानबाईला, म्हणजे आपल्या खान्देशच्या देवीच्या सणाला, भाऊबंद जमले की मांडव टाकायला जागा. पुढेमागे पोराचं लग्न झालं तर वर एक मजला चढवायचा, कुणाला विचारायची गरज नाही. रो-हाऊसमध्ये यातलं अर्धं जातं. कानबाईच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, आम्ही दोन पंगती करतो आणि चपलांचा ढीग शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो. शेजारी चांगले आहेत म्हणून चालतं.

मग बंगला का सोडला? एका भिंतीमुळे. पश्चिमेच्या.

आमच्या त्या बंगल्यात बेडरूम नैऋत्येला होती, वास्तूप्रमाणे अगदी चोख. नऊ इंची वीट, बाहेरून गिलावा, वर हलका बदामी रंग. बांधकामात काही खोट नव्हती. पण मार्चच्या शेवटापासून रात्रीचं जेवण आटोपून आत गेलं की भिंत हाताला लागायची ती कोमट नाही, चांगली गरम. त्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट होतं. रात्री दहाला त्यातून पांघरायची चादर काढली की ती इस्त्रीवरून काढल्यासारखी लागायची. आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा खाट ओढून हॉलमध्ये नेली आणि म्हणाली, "हाई घर शे का भट्टी शे?"

कारण सरळ आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता पलीकडे यायला साधारण सहा-सात तास लागतात. दुपारी चार-पाचला बाहेरून तापलेली भिंत आतून तापते ती रात्री दहा-अकराला, म्हणजे नेमकी आपण झोपायला जातो तेव्हा. बाहेर तोवर हवा बरी झालेली असते, गच्चीवर गार वारा असतो, आणि आपण खोलीत कूलर फुल करून बसलेलो. जूनमध्ये पाऊस लागला की हवेत दमटपणा येतो आणि कूलरचाही उपयोग संपतो.

छज्जा का नाही लावला, असं कुणी विचारेल. लावला होता, दोन फुटी. पण पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, हे मला तिथे राहूनच कळलं. धुळं साधारण २१ अंश अक्षांशावर. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५-३० अंश वर असतो. तेवढ्या तिरप्या उन्हात दोन फुटी छज्जा भिंतीवर फूटभर सावली पाडतो, खालचं सगळं उघडं. दक्षिणेला उलट. एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा तोच दोन फुटी छज्जा अख्खी खिडकी झाकतो. डिसेंबरात सूर्य दुपारीसुद्धा ४५ अंशांच्या आसपासच चढतो, तेव्हा तोच छज्जा ऊन आत येऊ देतो. उत्तरेला तर छज्जा पावसापुरता लागतो. म्हणजे दक्षिण-उत्तर भिंती सांभाळता येतात, पूर्व-पश्चिम येत नाहीत. पूर्वेची त्यातल्या त्यात बरी, सकाळचं ऊन दुपारपर्यंत निघून जातं.

इथे मार्जिनचा मुद्दा येतो. आपल्या विकास नियमावलीने बंगल्याला चारही बाजूंनी जागा सोडायला लावली, हवा-उजेडासाठी. हेतू चांगला आहे. पण खान्देशात एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडकी उघडली तर हवा नाही, झळ आत येते. सगळे बारापासून पाचपर्यंत दारं-खिडक्या लावून बसतात. म्हणजे मार्जिनचा फायदा रात्रीपुरता, आणि तोटा दिवसभर: चारही भिंती उन्हात. त्यात बाजूचं मार्जिन असतं जेमतेम काही फुटांचं, लोक त्यावर कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक टाकतात, आणि तो तापून खालून भिंतीला आणखी शेकतो. निंब लावावा तर जागा पुरत नाही, मुळं कंपाउंड उचलतात.

जुन्या धुळ्याने हे आधीच सोडवलं होतं. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने पेठ वसवली ती सरळ गल्ल्यांची, म्हणूनच आजही पत्ता "गल्ली नंबर चार" असाच सांगतात. त्या गल्ल्यांत घराला घर लागून. बाजूची भिंत दोघांची, तिला ऊन माहीतच नाही. वर धाबं, म्हणजे जाड मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात आजोळच्या घरी दुपारी माजघरात पंखा नसला तरी झोप लागायची. मला तेव्हा वाटायचं की ही मातीची कमाल. निम्मी मातीची होती, निम्मी शेजाऱ्याच्या भिंतीची.

रो-हाऊस म्हणजे तीच युक्ती, सिमेंटमध्ये. मधल्या घराला दोनच भिंती उन्हाला उघड्या, पुढची आणि मागची. आमचं घर उत्तरमुखी, मागची भिंत दक्षिणेला, दोन्हींवर छज्जे. पश्चिमेला शेजारी, पूर्वेला शेजारी. फरक मी थर्मामीटरने मोजलेला नाही, त्यामुळे इतके अंश कमी असं सांगणार नाही. एवढं सांगतो की बंगल्यात दोन कूलर रात्रभर चालायचे, इथे एक चालतो आणि पहाटे बायको उठून बंद करते. धुळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे धुळेकराला सांगायला नको, त्यामुळे एका कूलरचं पाणी वाचणं हीच मोठी गोष्ट. बिलाचंही तेच. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. बंगल्यात मे महिन्यात तीनशेचा टप्पा हमखास ओलांडला जायचा, इथे बहुतेक वेळा आत राहतो.

पण रो-हाऊस म्हटलं की आंधळेपणाने होकार देऊ नका. ओळ कोणत्या दिशेने जाते, सगळा खेळ त्यावर आहे. लेआउटमधला रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर घरं उत्तर-दक्षिण तोंडाची होतात आणि मधली सगळी सुटतात. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर प्रत्येक घराची पुढची किंवा मागची भिंत पश्चिमेला येते, आणि ती रुंदीची संपूर्ण भिंत असते. तेव्हा त्यापेक्षा बंगला बरा, निदान खोल्या तरी हलवता येतात. दुर्दैवाने आपल्याकडे पूर्वमुखी घराला मागणी जास्त, आणि पूर्वमुखी म्हणजे पाठ पश्चिमेला. वास्तू हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग, मी त्यात पडत नाही. पण दक्षिणमुखी घर कुणी घेत नाही म्हणून बिल्डर थोडा खाली येतो, आणि उन्हाच्या हिशोबाने ते उत्तरमुखीच्या तोडीस तोड असतं, हेही कानावर घालतो.

रो-हाऊसची कटकट काय? मधली खोली अंधारी. आमच्या जेवणाच्या जागेत भर दुपारी दिवा लागतो. जिन्याच्या वरच्या टोपीला, म्हणजे गच्चीवर जिना झाकणाऱ्या छोट्या खोलीला, जाळीचा दरवाजा करून घेतला. रात्री तो उघडा ठेवला की खालची गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि पुढच्या खिडकीतून गार हवा ओढली जाते. हे काम बांधतानाच सांगून करून घ्या. दुसरी कटकट आवाजाची: सामाईक भिंत चार इंची असेल तर शेजारची मिक्सर तुमच्या स्वयंपाकघरात फिरते, नऊ इंचीच मागा. तिसरी, दोन गच्च्यांच्या मधल्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी उतरतं. आमच्याकडे उतरलं, शेजाऱ्यासोबत मिळून वॉटरप्रूफिंग केलं. पैसे अर्धे-अर्धे, वाद पूर्ण.

गच्चीच्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच. वरच्या मजल्याची खोली भिंतीने नव्हे, स्लॅबने तापते, आणि रो-हाऊसही त्यातून सुटत नाही. पांढऱ्या चिनीमातीच्या टाइल्सचे तुकडे किंवा निदान दर उन्हाळ्यात चुना, हे दोन्हीकडे लागणारच. सोलर लावणार असाल तर पॅनेलची सावलीही स्लॅबला मदत करते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा धरतात, तेवढी रो-हाऊसच्या गच्चीवर निघते. फक्त शेजाऱ्याच्या जिन्याच्या टोपीची सावली कुठे पडते ते आधी पाहा. या एका बाबतीत बंगला सरळ पुढे आहे.

बंगलाच घ्यायचा ठरला असेल, आणि त्याची कारणंही असू शकतात, तर पश्चिमेला माणसं ठेवू नका. जिना, संडास-बाथरूम, स्टोअर, देवघर, आणि देवघर तिकडे नको असेल तर कपाटांची भिंत, सगळं तिकडे ढकला. पश्चिमेची भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची घ्या. विटेच्या मानाने त्यातून उष्णता फारच कमी जाते. खिळा धरत नाही, प्लास्टिकची गिट्टी मारून स्क्रूच लावावा लागतो, आणि सांध्यांना जाळी न लावल्यास गिलाव्याला चिरा पडतात, पण त्या भिंतीवर तसंही काय टांगायचंय? भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेमुळे आपल्या भागात फ्लाय अॅशच्या विटा मिळतात, त्या मजबूत आणि सरळ असतात. मात्र उष्णतेच्या बाबतीत त्यांच्याकडून एएसी ब्लॉकएवढी अपेक्षा धरू नका.

सरकारी नियम मदत करतील का? थोडी. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ईको-निवास संहिता आणली. तिच्या त्या आवृत्तीत भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा होती आणि स्लॅबसाठी वेगळा निकष होता. पण ती आवृत्ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी होती, म्हणजे तुमच्या-माझ्या बंगल्याच्या प्लॉटला विचारणारं कुणी नाही. रो-हाऊसचा प्रकल्प मात्र बऱ्याचदा एवढ्या मोठ्या भूखंडावर असतो, तेव्हा आता काय लागू आहे हे बिल्डरला विचारायला हरकत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत हरित मानांकन घेणाऱ्या इमारतीला ३ ते ७ टक्के जादा चटईक्षेत्रही मिळतं. आपल्याकडे त्याचं नाव काढलं की बिल्डर चहा मागवतो आणि विषय बदलतो.

शेवटी एक. रो-हाऊसच्या ओळीत टोकाच्या घराला बिल्डर 'कॉर्नर' म्हणून जास्त पैसे मागतो, तीन बाजू मोकळ्या म्हणून. पूर्वेच्या टोकाचं असेल तर परवडत असल्यास घ्या, सकाळचा उजेड छान येतो आणि मधल्या खोलीचा अंधार जातो. पश्चिमेच्या टोकाचं घर मला मधल्या घराच्या भावात दिलं तरी मी घेणार नाही, आणि घ्यावंच लागलं तर त्या बाजूला एक फडताळ, एक जिना आणि एएसी ब्लॉक आधी लिहून घेईन, मगच टोकन देईन.