दादाच्या क्लेमचे साडेपाच लाख

दादा गेला तेव्हा 38 वर्षांचा होता. टेंभुर्णीच्या अलीकडे ट्रकने त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी एक माणूस दारात उभा. एफआयआर आणि पंचनाम्याच्या झेरॉक्स त्याच्याकडे आधीच होत्या. त्या कुठून आल्या, हे विचारायचं भान आम्हाला नव्हतं.

"ताई, तुम्ही फक्त सह्या करा. पैसे आल्यावरच माझं काय ते बघू." सहा महिन्यांत अपघाताच्या भरपाईचा दावा लावला नाही तर हक्क जातो, असंही तो म्हणाला. ही मुदत 2022 पासून कायद्यात खरोखर आहे. मी चौकशी केली, बोलणं खरं निघालं, आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या होत्या. काही कागद तर पूर्ण कोरेच. वहिनी एकेका फुलीवर सही करत गेली. मग त्याने तिला बँकेत नेऊन नवीन खातं उघडून दिलं, मोबाईल नंबर स्वतःचा लावला. पासबुक, चेकबुक "फाईलला लागतं" म्हणून ठेवून घेतलं आणि पाच कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. मी शेजारीच बसलो होतो. अडवलं नाही, हे अजून टोचतं.

दीड वर्षाने लोकअदालतीत 14 लाखांवर तडजोड झाली. रक्कम खात्यात आली आणि आठवड्याच्या आत साडेपाच लाख वहिनीच्याच सहीच्या चेकने निघून गेले. मेसेज त्याच्या फोनवर गेले, आम्हाला पत्ताच नाही.

खरा धक्का पुढे बसला. मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणातल्या वकीलबाईंनी हिशेब मांडून दाखवला. दादा खासगी गोदामात 20 हजारांवर होता. चाळिशीच्या आतलं वय, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 28 हजार. वर्षाचे 3 लाख 36 हजार. आई, वहिनी आणि दोन मुलं त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 2 लाख 52 हजार. त्या वयाला गुणक 15. म्हणजे 37 लाख 80 हजार, अंत्यविधीचा खर्च वगैरे वेगळाच. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत घालून दिलेली ही रीत आहे. आमच्या दाव्याला दादाची पगाराची स्लिप जोडलेलीच नव्हती! ती घरात, देवघराच्या खणात होती. त्या माणसाने कधी मागितलीच नाही.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही. कोऱ्या सह्यांमुळे फसवणूक सिद्ध करणंही जड जातंय. वकिलाला भरपाईत टक्का ठरवून घेता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियमही आम्हाला तक्रार लिहिताना कळला. पोलिसांत अर्ज दिलाय, चकरा चालू आहेत.

तुमच्या घरी असा कुणी आला तर चेकबुक देऊ नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, खात्याला नंबर स्वतःचाच लावा. तडजोडीचा आकडा मान्य करण्याआधी असा हिशेब कुणाकडून तरी करून घ्या. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो. 15100 वर फोन केला तरी माहिती देतात. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. आमच्या घरापासून ते ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे.