कौन्सिलचं पार्किंग दंडाचं पोर्टल : आठ महिने, दोन पीसीएन आणि एक तोतया

इंग्लंडमध्ये स्वतःची गाडी घेऊन आठ महिने झाले. तेवढ्यात दोन पीसीएन, म्हणजे पेनल्टी चार्ज नोटीस, पदरात पडल्या. आमच्या कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, दंडाचं पोर्टल त्यामुळे चांगलंच ओळखीचं झालंय.

पहिलं पिवळं पाकीट वायपरखाली सापडलं ते कौन्सिलच्याच कार पार्कमध्ये. पैसे तर मी अ‍ॅपवर भरले होते! वॉर्डनला मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या हासडल्या. घरी येऊन पोर्टलवर पीसीएनचा आणि गाडीचा नंबर टाकला, तर वॉर्डनने काढलेले सात फोटो हजर: नंबर प्लेट, डॅशबोर्ड, चारी बाजूंनी गाडी. मग अ‍ॅपची पावती उघडली आणि कपाळावर हात मारला. पैसे भरले होते बायकोच्या गाडीच्या नंबरावर. आदल्या वेळची गाडी अ‍ॅपने तशीच धरून ठेवली होती. पावती जोडून चार ओळींची हरकत घेतली. अडीच आठवड्यांनी उत्तर आलं, ‘या वेळेपुरता रद्द.’

दुसरा दंड मात्र शंभर टक्के माझा. रविवार, एकेरी पिवळी रेघ, म्हणजे पाटीवरच्या वेळेत गाडी लावायला बंदी. अलीकडच्या गल्लीत ‘सोम ते शनि’ अशी पाटी होती, म्हणून इथेही रविवार मोकळा असं धरून चाललो. इथल्या पाटीवर नुसतं ८ ते ६. वार लिहिलेले नसले तर नियम सातही दिवस लागू, हे मला ३५ पौंडांत कळलं. मूळ दंड ७०, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. फोटोत पाटी लख्ख दिसत होती, वाद घालायला जागाच नव्हती.

‘आधी भरून टाकू, मग भांडू’ हे इथे चालत नाही. पैसे भरले की प्रकरण बंद. चौदा दिवसांच्या आत हरकत घेतली आणि ती फेटाळली, तर निम्म्या दंडाची सवलत कौन्सिल सहसा परत देते. म्हणजे पहिली हरकत जवळजवळ फुकट. खरा जुगार त्यापुढे. २८ दिवस गप्प बसलात तर गाडीच्या मालकाच्या नावाने नोटीस येते. तिलाही दाद दिली नाही तर दंड दीडपट, ७० चे १०५, आणि शेवटी बेलिफ दारात. घर बदलूनही गाडीच्या व्ही५सीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, जुना पत्ता असेल, तर ही सगळी पत्रं जुन्या घरी जातात. नोटिशीनंतरची रीतसर हरकत फेटाळली तर ट्रिब्युनलकडे, म्हणजे कौन्सिलबाहेरच्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं, आणि त्याला फी नाही.

तोतया आला मार्चमध्ये. पत्रावर पीसीएन, पण पोर्टल म्हणतंय, नंबर सापडत नाही. वीस मिनिटं शून्य की ओ, एक की आय करत बसलो. मग नीट वाचलं: ‘पेनल्टी’ नव्हे, ‘पार्किंग’ चार्ज नोटीस. सुपरमार्केटच्या पार्किंगवाल्या खासगी कंपनीची. अक्षरं तीच, पण कौन्सिलचा संबंध नाही आणि अपिलाची वाटही वेगळी.

पोर्टलबद्दल तक्रार एकच. हरकत लिहिता लिहिता जरा चहा ठेवायला उठलात की ते आपोआप लॉगआउट होतं आणि लिहिलेलं सगळं गायब. मी आता आधी फोनच्या नोट्समध्ये लिहून मग चिकटवतो. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले दोन निव्वळ त्या फोटोंचे.

बायकोची गाडी माझ्या अ‍ॅपमधून काढून टाकली आहे. तिच्या अ‍ॅपमध्ये माझी अजून आहे.