आर्च लिनक्स, आठ महिन्यांनंतर: सगळं सोपं केलं, पण ती एक ओळ!

विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या आर्च लिनक्स या सिस्टिमचा हा रिव्ह्यू, ती टाकली त्या फेब्रुवारीत लिहिला असता तर एक तारा दिला असता, तोही नाइलाजाने. आता २०२५ चा ऑक्टोबर उजाडलाय आणि चारवर आलोय. पाचवा का नाही, ते खाली सविस्तर रडलोय.

लॅपटॉप जुना. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं. दुकानदाराने झाकण उघडायच्या आत निकाल दिला, "साहेब, आता नवीनच घ्या." कीबोर्ड धड, स्क्रीन धड, बॅटरी दोन तास टिकते, आणि मी चाळीस हजार कशाला घालू? साडेतीनशेचा पेन ड्राइव्ह आणला आणि आर्चची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवली.

सगळं तयार घेऊन येणारं लिनक्स मिंट का नाही? वापरलंय दोन वर्षं, तक्रार नाही. पण मला नको असलेलं एकेक काढत बसायचं नव्हतं, हवं तेवढंच टाकायचं होतं.

आर्च तसं २००२ पासूनचं, ज्युड विनेटने सुरू केलेलं. त्याचा जुना इन्स्टॉलर २०१२ मध्ये काढून टाकला. पुढची नऊ वर्षं रिवाज असा, की आर्चच्या विकीचं, म्हणजे ऑनलाइन माहितीकोशाचं, पान शेजारी उघडून ठेवायचं, पार्टिशन स्वतः पाडायचं, कमांड एकेक करून टाइप करायच्या. एप्रिल २०२१ च्या आयएसओत आर्चइन्स्टॉल हा नवा इन्स्टॉलर आला. आता काळ्या स्क्रीनवर एक मेनू येतो: भाषा, डिस्क, बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम), पासवर्ड, डेस्कटॉप. बाण खाली-वर करायचे, एंटर मारायचं. जुनी मंडळी याला नाकं मुरडतात. मी मुरडली नाहीत, मला झोपायचं होतं.

वायफाय आधी हाताने जोडावं लागतं, आयडब्ल्यूसीटीएल नावाच्या कमांडने. ते विकीत बघून पाच मिनिटांत झालं. डिस्कला ईएक्सटीफोर ही फाइलसिस्टिम, डेस्कटॉपला एक्सएफसीई, आवाजासाठी पाइपवायर निवडलं. झ्रॅम स्वॅप (रॅममध्येच दाबून ठेवलेली जादा मेमरी) इन्स्टॉलरने आपणहून चालू ठेवला होता. अर्ध्या तासात काम संपलं. रीबूट केलं, सुबक डेस्कटॉप आला, आणि वरच्या पट्टीत वायफायचं चिन्हच नाही.

नेटच नाही! इन्स्टॉल करताना सव्वा तासाच्या पिक्चरएवढं डाउनलोड झालं होतं, मग आता काय झालं? झालं असं, की ते नेट पेन ड्राइव्हवरच्या सिस्टिमचं होतं. डिस्कवरच्या नव्या सिस्टिममध्ये तुम्ही सांगितलं तरच नेटवर्कचं काही टाकलं जातं. मेनूत त्यासाठी 'नेटवर्क कॉन्फिगरेशन' अशी एक ओळ आहे. तिथे आयएसओचीच जोडणी पुढे न्या किंवा नेटवर्कमॅनेजर (नेट जोडून देणारा प्रोग्रॅम) वापरा, असे पर्याय असतात. मी ती ओळ कोरी सोडली. वायफाय तर चालूच होतं ना! पासवर्ड दिला नाही तर हाच इन्स्टॉलर 'अमुक बाकी आहे' म्हणून पुढे जाऊ देत नाही. नेटवर्क कोरं राहिलं तर चकार शब्द काढत नाही. ज्याला लिनक्स येतं तो ती ओळ चुकत नाही, आणि ज्याच्यासाठी हा मेनू बनवला तो हमखास चुकतो. यावर माझं रक्त आजही तापतं.

रात्री साडेबाराला पुन्हा पेन ड्राइव्ह लावला. मूळ पार्टिशन माउंट केलं (जोडून घेतलं), त्याच्या आत बूट पार्टिशन, मग आर्च-क्रूट, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरायची कमांड. पॅकमनने, म्हणजे आर्चच्या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, नेटवर्कमॅनेजर टाकला. आता तो चालू करायची कमांड दिली तर उत्तर आलं, अशी सर्व्हिसच नाही. दहा मिनिटं डोकं आपटलं. पॅकेजच्या नावात सगळी अक्षरं लहान, आणि सर्व्हिसच्या नावात एन आणि एम कॅपिटल! हे ज्याने ठरवलं त्याला एकदा चहाला बोलवायचंय. बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, नवीनच घ्या ना एक." मी काही बोललो नाही.

त्यानंतर चार महिने एकदम शांत. फायरफॉक्समध्ये मराठी पानं बघवत नव्हती, ती नोटो-फॉन्ट्स टाकल्यावर सुधारली. पंखा जवळपास वाजतच नाही.

जूनमध्ये अपडेट अडलं. एनव्हिडियाच्या (ग्राफिक्स चिपच्या) फर्मवेअरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या, फाइली आधीच आहेत, अशी ओरड. माझ्या लॅपटॉपात एनव्हिडिया नाहीच! आर्चच्या मुखपृष्ठावर २१ जूनची सूचना होती: फर्मवेअरचं पॅकेज आता तुकड्यांत विभागलंय, जुनं जबरदस्तीने काढा आणि पूर्ण अपडेटबरोबर नवं टाका. फर्मवेअर काढून टाकायचं वाचून पोटात गोळा आला, पण हात थरथरले नाहीत. बिघडलंच तर पेन ड्राइव्ह लावून आत कसं शिरायचं, ते फेब्रुवारीच्या त्या रात्रीने शिकवलं होतं. पाच मिनिटांत सुटलं. नाकं मुरडणाऱ्यांचं म्हणणं तेव्हा थोडं पटलं. सगळंच मेनूतून सुरळीत झालं असतं तर जूनमध्ये मी त्याच दुकानदाराच्या काउंटरवर उभा असतो. थोडं पटलं म्हणतोय, पूर्ण नाही. शिकायचं असेल तर माणूस दिवसाढवळ्या शिकेल, मध्यरात्री कशाला?

गेल्या आठवड्यात सांगलीच्या मेव्हण्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर आर्च टाकलं. मी व्हिडिओ कॉलवर. एकेक ओळ वाचत तो खाली आला. "दाजी, नेटवर्कसमोर काही नाही, पुढे जाऊ?"

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडलो की त्याच्या हातून फोन पडला. उचलून त्याने नेटवर्कमॅनेजर निवडला आणि म्हणाला, "पासवर्ड राहिला तर अडवतंय, मग इथं का नाही अडवत?"