रिफ्लो ओव्हन आणि त्याचा अडकणारा ड्रॉवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सव्वासहाला घणसोलीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. "मॅडम, पंप लागत नाहीये. वरची टाकी कोरडी पडलीय, लोकं खाली जमलीत." टाकीतल्या पाण्याप्रमाणे पंप चालू-बंद करणारा लेव्हल कंट्रोलर आमचा, तीन महिन्यांपूर्वी बसवलेला. जाऊन आधी कंट्रोलर वगळून पंप डायरेक्टवर टाकून दिला, कंट्रोलरचा बोर्ड काढून रबाळ्याला गाळ्यावर आणला आणि भिंगाखाली धरला. इंडक्टरचा (तारेच्या वेटोळ्याचा जड पार्ट) एक पाय बोर्डवरच्या तांब्याच्या पॅडवर बसलेला, चहूबाजूंनी सोल्डर, आणि तरी सुटा. उदबत्तीच्या काडीने ढकलला की हलायचा. हा जॉइंट आमच्या ओव्हनमधून निघालेला. आमच्याकडे टेस्ट झालेला, पास झालेला. त्याच दिवशी ठरवलं की या ओव्हनबद्दल सविस्तर लिहायचं.

ओव्हन म्हणजे तो टेबलावर ठेवायचा, ड्रॉवरवाला इन्फ्रारेड रिफ्लो, म्हणजे सोल्डरची पेस्ट वितळवून बोर्डवरचे सगळे पार्ट एकदम जोडणारी भट्टी. वॅट, ट्रेचं माप, तापमानाची आठ प्रोफाइल वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. ब्रँड सांगण्यातही अर्थ नाही, कारण हाच डबा तीन-चार नावांनी विकला जातो आणि आतलं सामान तेच असतं. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून गेल्या नोव्हेंबरमध्ये घेतला, जीएसटी धरून २८ हजारांच्या आसपास पडला. आमच्यासारख्या एका गाळ्याच्या, तीन माणसांच्या धंद्याला ही रक्कम छोटी नाही. त्याआधी सगळं हॉट एअर गन आणि सोल्डरिंगच्या इस्त्रीवर चालायचं. आमच्याकडे बोर्ड जोडणाऱ्या ताई दिवसाला आठ बोर्ड करायच्या आणि संध्याकाळी मान धरून बसायच्या. ओव्हन आल्यावर स्टेन्सिलने, म्हणजे भोकांच्या पत्र्यावरून, सोल्डरची पेस्ट ओढायची, चिमट्याने पार्ट ठेवायचे, सहा बोर्ड आत सरकवायचे, की आठ-नऊ मिनिटांत खेप बाहेर. आजवर साधारण २१०० बोर्ड काढले. म्हणजे पैसे कधीच वसूल झाले, हे आधी कबूल करते, कारण पुढे मी बरीच तक्रार करणार आहे.

तक्रार ड्रॉवरची. तो सरळ येत नाही. अर्धा येतो, मग शेवटच्या दोन इंचांवर अडतो, आणि जरा जोर लावला की झटक्याने सुटतो. पहिल्या दिवशी वाटलं नवीन आहे, वापराने मोकळा होईल. झाला नाही. रिकाम्या ट्रेला हा झटका काहीच नाही. पण वर बोर्ड आहेत आणि सोल्डर अजून पातळ आहे, तेव्हा हा झटका म्हणजे चालत्या गाडीत भरल्या वरणाचं पातेलं हातात धरण्यासारखं आहे. छोटे ०६०३ मापाचे रेझिस्टर पातळ सोल्डरच्या ताणाने जागेवर धरून राहतात. त्यांचं वजनच किती! पण इंडक्टर आणि १० मिलिमीटर उंचीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जड असतात, ते सरकतात. सरकून पूर्ण पडले तर बरं, निदान दिसतात तरी. गोठता गोठता अर्धा मिलिमीटर हललेला जॉइंट मात्र वरून छान दिसतो, टेस्टिंगमध्ये करंट नेतो आणि पंपाच्या खोलीत रिलेच्या टकटकीने, गरम-थंड होऊन होऊन तीन महिन्यांनी सुटतो.

तुम्ही म्हणाल, सोल्डर पातळ असताना ड्रॉवर उघडायचाच कशाला? मीही हेच विचारलं असतं. पण याचा पंखा मंद आहे. आम्ही लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेली पेस्ट वापरतो, एसएसी ३०५, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्का तांबं. ती २१७ ते २२० अंशांना वितळते. वितळलेल्या अवस्थेत ६० ते १५० सेकंद राहिली की पुरे. याच्या पंख्यावर सोडलं तर वेळ दीडशेच्या पलीकडे जातो, पेस्टमधला फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारं रसायन) जळतो आणि पांढरे कनेक्टर पिवळे पडतात. दुकानातल्या मुलाने डेमो देतानाच सांगितलं होतं, "मॅडम, २०५ दिसलं की ड्रॉवर उघडायचा." सात महिने आम्ही तेच केलं.

आता सर्व्हिसची गोष्ट. ड्रॉवर अडतो म्हणून डिसेंबरातच फोन केला होता. व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर आलं की ड्रॉवर मेकॅनिकल पार्ट आहे, वॉरंटी फक्त हीटर आणि कंट्रोल कार्डाची. मी खवळले. महिन्याभराच्या मशीनचा ड्रॉवर झिजला कसा? मग म्हणाले, घेऊन या, बघतो. कसं नेऊ? रबाळ्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड, तीन गाड्या बदलत हा लोखंडी डबा काखेत मारून? टेम्पोवाला दीड हजार सांगत होता, आणि तिथे पोचल्यावर नवीन चॅनेलचे, म्हणजे ड्रॉवरच्या सरकत्या पट्ट्यांचे, २८०० वेगळे. ते मी दिले नाहीत, आणि एवढ्या साध्या गोष्टीसाठी आजही देणार नाही.

इथपर्यंत सगळा दोष मी ओव्हनच्या माथी मारत होते, आणि त्यात मी पूर्ण बरोबर नव्हते.

त्याच काळात आमच्या बोर्डवर सी ७ नावाचा एक छोटा कपॅसिटर सारखा उभा राहायचा. एक टोक पॅडवर, दुसरं हवेत, थडग्यावरच्या दगडासारखं. याला टूम्बस्टोनिंगच म्हणतात. शंभरात दहा-अकरा बोर्डांवर, आणि प्रत्येक वेळी सी ७च. तरी मी ओव्हनलाच बोल लावत होते. मार्चमध्ये ताईंनी विचारलं, "मॅडम, ओव्हन खराब असता तर दुसरे पण उभे राहिले असते ना? हाच कसा?" त्या प्रश्नाने मी कॉम्प्युटर उघडून बोर्डचा लेआउट बघायला बसले. सी ७चं एक पॅड बारीक ट्रॅकला जोडलेलं, आणि दुसरं ग्राउंडच्या सलग तांब्यात थेट बुडवलेलं. बोर्ड डिझाइन करायच्या कायकॅड सॉफ्टवेअरमध्ये झोनचं (त्या सलग तांब्याचं) पॅड कनेक्शन मी सॉलिड ठेवलं होतं. ग्राउंडचं तांबं उष्णता ओढून घेतं, त्या बाजूची पेस्ट उशिरा वितळते. बारीक ट्रॅकवालं पॅड आधी वितळतं आणि पातळ सोल्डरचा ताण कपॅसिटरला आपल्याकडे ओढून उभा करतो. सेटिंग बदलून थर्मल रिलीफ दिला, म्हणजे पॅड ग्राउंडला चार बारीक पट्ट्यांनीच जोडलं. पुढच्या खेपेच्या ३०० बोर्डांत एक उभा राहिला. चूक माझ्या डिझाइनची होती. ओव्हनचं यात काहीच नव्हतं.

जूनमध्येही असंच झालं. बोर्डभर सोल्डरचे बारीक मणी, मोहरीएवढे, आयसीच्या (चिपच्या) पायांमध्ये अडकलेले. कारण पावसाची दमट हवा आणि आमची घाई. पेस्टची डबी फ्रिजमधून काढून अर्ध्या-पाऊण तासात उघडायचो. उन्हाळ्यात ते खपून गेलं, पण पाऊस सुरू झाल्यावर थंड पेस्टवर हवेतली वाफ दवासारखी बसायची, आणि तेच पाणी ओव्हनमध्ये उकळून सोल्डर उडवायचं. आता ताई सकाळी नऊला आल्या आल्या डबी बाहेर काढतात, झाकण बंदच ठेवतात आणि जेवणानंतर उघडतात. चार तास. मणी गेले. सोबत सांगायचं तर, पाकिटावर एमएसएल ३ (ओलाव्याला किती नाजूक ते सांगणारी श्रेणी) लिहिलेल्या आयसी उघडल्यापासून १६८ तासांत लावायच्या असतात, पण तो हिशोब ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेचा आहे. आमच्या गाळ्यात जुलैत काटा ८५च्या खाली येत नाही. त्यामुळे लागतील तेवढ्याच आयसी काढायच्या आणि उरलेल्या सिलिका जेल घालून लगेच सीलबंद करायच्या.

तर जुलैतल्या त्या फोननंतर, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. एकाच वेळी दोन ठिकाणचं तापमान दाखवणारा मीटर आणला, १९०० रुपये, आणि के टाइप थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या, दोन तारा एका बाद बोर्डवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवल्या. एक ट्रेच्या मधोमध, एक पुढच्या डाव्या कोपऱ्यात, ड्रॉवरच्या तोंडाशी. ओव्हनच्या डिस्प्लेवर २४५ आलं तेव्हा मध्ये २३८ होतं आणि कोपऱ्यात २२१. म्हणजे पुढच्या दोन बोर्डांचं सोल्डर जेमतेम वितळत होतं. पण खरा धक्का थंड होताना बसला. डिस्प्ले २०५ झाला, जिथे आम्ही रोज ड्रॉवर उघडायचो, तेव्हा मधल्या बोर्डचं तापमान २२३ होतं. ओव्हनचा सेन्सर हवेचं तापमान मोजतो. हवा पटकन थंड होते, दीड मिलिमीटरचा फायबरचा बोर्ड आणि त्यावरचं तांबं मागे रेंगाळतं. सोल्डर गोठलंय अशा समजुतीत सात महिने आम्ही पातळ सोल्डरवर झटका देत होतो.

ते कळल्यावर मी मीटरकडे बघत बसून राहिले. त्या अंदाजावर निघालेले कितीतरी बोर्ड लोकांच्या पंपांवर लागले आहेत. एप्रिलपासून दिलेल्या ६४ कंट्रोलरची यादी काढली आणि एकेक सोसायटी गाठून इंडक्टर आणि मोठा कपॅसिटर भिंगाखाली तपासतो आहोत. आजवर ४१ झाले, पाचांत जॉइंट संशयास्पद निघाला, तो तिथेच पुन्हा सोल्डर केला. चकाकीवर जाऊ नका, लेड-फ्री सोल्डर चांगलं असलं तरी मंदच दिसतं. सोल्डर पायाला धरून वर चढलंय का आणि कडा पॅडवर सपाट पसरलीय का, ते बघायचं.

आता आमची पद्धत अशी आहे. थर्मोकपलवाला बाद बोर्ड प्रत्येक खेपेत मधोमध असतोच. थंड होताना मीटरवर १८० दिसल्याशिवाय ड्रॉवरला हात लावायचा नाही, हे ताईंनी स्केच पेनने ओव्हनवरच लिहून ठेवलंय. पंखा मंद आहे म्हणून मागे १२ व्होल्टचा आणखी एक बसवला, २२० रुपये, त्याने वितळलेल्या अवस्थेचा वेळ शंभर सेकंदांवर आला. ड्रॉवरच्या तोंडाला फट होती, तिथे फायबरग्लासची दोरी लावली, कोपरा २२१ वरून २२९ झाला. ट्रेवर सहाऐवजी चारच बोर्ड, पुढची चार बोटं जागा मोकळी. आतल्या अस्तराला कागदी टेप लावलेली असेल तर तीही पहिल्याच दिवशी काढून टाका, आमच्याकडे आठवडाभर जळका वास येत होता.

आणि ड्रॉवर? १८० अंशांना सोल्डर दगड झालेलं असतं, तेव्हा झटक्याने फरक पडायला नको, हे मला समजतं. तरीही तो झटका मला सहन होत नव्हता. प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. शेवटी मागच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी उघडून पाच मिनिटांत दाखवलं: डावी पट्टी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर खाली रिव्हेट केलेली, कारखान्यातूनच. किचन ट्रॉलीचा चॅनेल चालेल का विचारलं तर म्हणाले, त्यात प्लास्टिक असतं, विरघळेल. पूर्ण स्टीलचा बॉल बेअरिंगचा जोड आणून दोन्ही बाजू लेव्हल करून दिल्या, मजुरीसकट ४५० रुपये. आता ड्रॉवर एका बोटाने येतो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानवाल्यांना याचा व्हिडिओही पाठवला आहे, वाचल्याच्या निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

घ्यावा का? महिन्याला दोन-तीनशे बोर्ड असतील आणि मीटर, पंखा, दोरी, चॅनेल यांचे आणखी २६००-२७०० घालायची तयारी असेल, तर घ्या. एवढ्या पैशांत मला दुसरं काही सापडलं नाही. वैद्यकीय उपकरणं किंवा गाडीच्या ब्रेकसाठी बोर्ड करत असाल तर याच्या वाटेलाही जाऊ नका, महाप्याला कन्व्हेयर ओव्हन असलेले जॉबवर्कवाले आहेत, त्यांच्याकडून करून घ्या. आणि दुकानात गेलात तर पैसे देण्याआधी ट्रेवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून ड्रॉवर बाहेर ओढून बघा. मशीन बंद असू द्या, प्लग काढलेला. पाणी सांडलं तर दुसरा पीस मागा.